बिनजोडाचं कडं

गफूर मिस्त्रींनी माझ्याविषयी सगळ्या वर्षांत एकदाच चांगला शब्द काढला, आणि तोही माझ्यासाठी नव्हता, माझ्या छत्रीसाठी होता. दौंडहून न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस.टी.तून ते शिरूरच्या स्टँडवर उतरले, तेव्हा मी त्यांना घ्यायला गेलो होतो. त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं, छत्रीच्या पितळी मुठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "छत्री चांगली हाय. धरणाऱ्याच्या मानानं जरा जास्तच."

हत्यारांची पिशवी घ्यायला मी हात पुढे केला, तर ती त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "लिहिणारा हात दिसतोय तुझा. असल्या हाताला मी पाण्याचा तांब्या बी देत न्हाई." त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी बोरूबहाद्दर झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा नगर रस्त्यावरच्या आप्पासाहेबांच्या पेट्रोल पंपावर कारकून होतो. आप्पासाहेब मूळचे कवठे येमाईचे. जमीन भरपूर, गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि आपण जिथे उभे राहू तिथे चार माणसांनी थांबून बघावं ही मोठी हौस. मैल आणि गॅलनचे दिवस होते ते. मोठ्या शहरांत विजेवरचे पंप बसू लागले होते आणि जुने हातपंप गोदामांत गंजत पडले होते. त्यातले दोन आप्पासाहेबांनी ट्रकमध्ये घालून शिरूरला आणले.

हे पंप म्हणजे माणसाहून उंच लोखंडी खांब. वर काचेचं जाड नळकांडं, त्याच्यावर गॅलनच्या खुणा, आणि सगळ्यात वर दुधी काचेचा गोल दिवा. बाजूचा दांडा मागेपुढे केला की जमिनीतल्या टाकीतलं पेट्रोल काचेत चढायचं. गिऱ्हाइकाला माप डोळ्यांनी दिसायचं, मग ते नळीतून गाडीत सोडायचं. गावातल्या फिटरनं गंज खरवडला, वायसर बदलले, दोन हात लाल रंग दिला, आणि पंप चालू झाले. पण दिसायला ते स्टेशनवरच्या लाल सदऱ्यातल्या हमालांसारखे दिसत. आप्पासाहेबांना हे खुपलं. त्यांनी मुंबईत कुठेतरी पितळी पट्ट्या मारलेला पंप पाहिला होता. तसलाच त्यांना हवा होता, आणि महिनाभरात हवा होता, कारण उद्घाटनाला पुण्याहून एक बडी असामी येणार होती.

कुणीतरी सांगितलं, दौंडला रेल्वेतून रिटायर झालेला एक म्हातारा आहे. साहेबलोकांच्या सलूनच्या डब्यांना आतून पितळेची नक्षी तोच बसवायचा.

आले ते असे.

पहिल्या दिवशी त्यांनी पंपांकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून शिक्रापूरच्या बाजूनं येणारे ट्रक पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्या गावाला रूळ न्हाई."

"नाही," मी म्हणालो.

"म्हंजी हितं कुठलीच गोष्ट सरळ जात नसणार."

रबराच्या चाकांविषयी त्यांना मनापासून तिटकारा होता. आगगाडी आपल्या वाटेनं जाते, मोटार ड्रायव्हरच्या अकलेनं जाते, आणि ड्रायव्हरांची अक्कल त्यांनी दौंडच्या फाटकाजवळ पुरेशी पाहिली होती. पंपावर गाडी लागली की ते काम थांबवायचे, ड्रायव्हरकडे मान वळवायचे आणि तो जाईपर्यंत त्याच्याकडे असं बघायचे की त्या माणसाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटू लागायचं. दोघांनी तर उतरून टायर तपासले.

तोंडात स्क्रू धरून काम करायची त्यांची पद्धत. आठ-दहा स्क्रू ओठांत, आणि बोलणं दातांतून. ते बोलणं ऐकायची आम्हाला सवय झाली. चहा आला की, "हे गुळाचं पाणी कुठल्या म्हशीला पाजणार हुता?" रंगारी आला की, "ये बाबा, भिंतीला चुना लावायचा सोडून लोखंडाला का छळतोस?" शुक्रवारी नमाजाला गेले, ते मशिदीच्या दाराच्या बिजागरीला नावं ठेवतच परत आले. पण हे सगळं स्क्रू तोंडात असताना. स्क्रू काढून हातात घेतले की समजायचं, आता खरं काहीतरी येणार.

त्यांच्या हाताखाली पंपावरचा नामदेव असायचा. तिशीतला, राहू गावचा, भीमेच्या काठचा गडी. दांडा मारून मारून त्याचे दंड फुगले होते. बायको गावी, हा इथे बहिणीकडे राहून नोकरी करायचा. मिस्त्रींचं बोलणं त्याला लागायचं नाही, उलट तो ते उकरून काढायचा. स्क्रूच्या डोक्यावरची खाच उभीच राहिली पाहिजे असा मिस्त्रींचा हट्ट होता. साठ-सत्तर स्क्रू, सगळ्यांच्या खाचा उभ्या, एका ओळीत. एखादा आडवा थांबला तर काढून पुन्हा घालायचे.

"का वो मिस्त्री? आडवी र्‍हायली म्हणून काय पट्टी पडंल व्हय?" नामदेवनं विचारलं.

"आडव्या खाचंत पावसाचं पाणी थांबतं. उभीतनं निघून जातं."

"एवढंच?"

"दुसरं बी कारण हाय. पण ते तुला कळायला अजून एक जन्म घ्यावा लागंल, आन् तो बी दौंडात."

नामदेव पोट धरून हसला. मिस्त्री हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी नामदेवनं एकट्यानं बसवलेली एक पट्टी मी पाहिली, सगळ्या खाचा उभ्या होत्या. मिस्त्रींनी तिच्यापुढून दोनदा चक्कर मारली आणि काही न बोलता पुढे गेले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली मी ऐकलेली नाही.

काम मात्र होतं. मला त्यातलं कळत नव्हतं, तरी कळत होतं. खांबाच्या चारी कडांना अर्ध्या इंचाच्या पट्ट्या, मध्ये कंगोरे, दाराभोवती वेलबुट्टीची चौकट. पट्टी चिंचेनं घासून, फडक्यानं पुसून, डोळ्यासमोर आडवी धरून ते इतका वेळ बघत की वाटे आता वाचून दाखवतील. पहिला पंप पुरा झाला त्या दिवशी स्टँडवरची माणसं मुद्दाम चालत बघायला आली. मिस्त्रींनी त्या माणसांकडे पाहून मला विचारलं, "ह्यांच्या घरी आरसं न्हाईत का?"

दुसऱ्या पंपाच्या वेळी ते झालं.

काचेच्या तळाचं माप घेताना त्यांचा हात थांबला. त्यांनी नामदेवला बोलावलं, मला बोलावलं. काच जिथे लोखंडात बसते तिथून वर, बोटभर लांबीची, केसासारखी बारीक भेग होती. नखाला जेमतेम लागत होती.

आप्पासाहेब आले. वाकून बघितलं. "जुनी दिसतीय. इतके दिस काय झालं न्हाई."

"काच बदला," मिस्त्री स्क्रूंमधून म्हणाले.

"बदलू की. मुंबईहून मागवतो. पण रविवारी पाव्हणे येणार, त्यांच्यापुढं काय फुटकी काच ठेवू? तुम्ही असं करा, तळाला रुंद कडं मारा. चांगलं चार बोटं. शोभंल बी, झाकंल बी."

"झाकणं माझं काम न्हाई."

आप्पासाहेब माणसं ओळखून होते. सोसायटीच्या निवडणुका त्यांनी उगाच जिंकल्या नव्हत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. धोतराचा सोगा सावरत ते माझ्याकडे वळले आणि मिस्त्रींना ऐकू जाईल इतपत म्हणाले, "र्‍हाऊ द्या. चार बोटं रुंद पट्टी गोल वाकवायची म्हंजी साधं काम न्हाई. म्हातारपणी हात र्‍हात न्हाई. पुण्याहून कुणी तरणा कारागीर बघा."

मिस्त्रींनी तोंडातले स्क्रू एकेक करून तळहातावर घेतले. आम्ही वाट पाहत राहिलो. मला वाटलं, आता आप्पासाहेबांचं काही खरं नाही. पण ते वळले आणि नामदेवला म्हणाले, "कोळसं पेटव."

दोन दिवस त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पितळेची रुंद पट्टी निखाऱ्यावर लालसर करायची, थंड करायची, लाकडी ओंडक्यावर मोगरीनं हलक्या हातानं ठोकत वळवायची, पुन्हा तापवायची. मध्ये नक्षी: द्राक्षाचे घोस आणि पानं. तिसऱ्या दिवशी कडं तयार झालं. मिस्त्रींनी ते वर धरलं आणि पंपावर जो दिसेल त्याला हाक मारली. "जोड दाखव. कुठं जोडलंय, दाखव." कुणाला दाखवता आलं नाही. मी चष्मा काढून, लावून पाहिलं. कडं जणू असंच जन्माला आलं होतं. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा आणि शेवटचं समाधान पाहिलं. मग त्यांनी ते काचेच्या तळाशी बसवलं, आणि भेग दिसेनाशी झाली.

मीही सुटकेचा श्वास टाकला, हे कबूल केलं पाहिजे. भेग मी पाहिली होती. पंपाची रोजची नोंदवही माझ्या हातात होती, त्यात ती एका ओळीत लिहिता आली असती. मी लिहिली नाही. आप्पासाहेब वही चाळायचे.

उद्घाटन दणक्यात झालं. बड्या असामीनं त्या कड्यावरून बोट फिरवलं आणि "वा, वा," म्हटलं. गर्दीच्या मागे उभे असलेले मिस्त्री पुटपुटले, "बोटाला भज्याचं तेल हाय त्याच्या." फोटोत त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ते फोटोग्राफरच्या तिपाईला नावं ठेवून निघून गेले असते. संध्याकाळच्या गाडीनं ते दौंडला परतले.

मुंबईची काच आली नाही. आप्पासाहेबांनी ती मागवलीच नव्हती. भेग दिसत नव्हती, म्हणून त्यांच्या हिशेबी ती नव्हतीच. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "रायटर, तुम्हाला पंप चालवायचाय का मला?"

पावसाळा सरल्यावर एका सकाळी एक जीप लागली. नामदेव दांडा मारत होता. मी आतल्या खोलीत होतो. भरलं मडकं फुटावं तसा आवाज झाला. धावत बाहेर आलो तर नळकांडं तळातून सुटलं होतं, आणि नामदेव खांद्यापासून खाली पेट्रोलनं निथळत उभा होता. पडती काच धरायला त्यानं उजवा हात वर केला होता. तळहात आडवा चिरला होता, रक्त आणि पेट्रोल मिळून कोपरावरून गळत होतं. पंधरा पावलांवर एक ट्रक ड्रायव्हर पेटती विडी हातात घेऊन उभा होता. त्यानं ती फेकली नाही. जळती विडी मुठीत आवळून विझवली. त्या अनोळखी माणसाच्या त्या अकलेमुळे आम्ही सगळे वाचलो.

आम्ही वाळू टाकली, नामदेवचे कपडे फाडून काढले, त्याच जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. परत आलो तेव्हा पंपावर कुणी नव्हतं. काचेचे दोन-तीन दात उभे होते, आणि त्यांच्याभोवती कडं जागच्या जागी चकाकत होतं.

तळहाताला टाके पडले. जखम भरली, पण दोन बोटं मिटेनात. आप्पासाहेब दवाखान्यात गेले, नामदेवच्या उशाशी मोसंबी ठेवली, आणि "जुन्या मालाचं असंच असतं," एवढं बोलून आले. नामदेव राहूला घरी गेला.

आठ-दहा दिवसांनी मिस्त्री आले. कुठल्यातरी एस.टी. ड्रायव्हरकडून त्यांना कळलं होतं. हातात पिशवी नव्हती. तुटक्या पंपाकडे त्यांनी पाहिलं आणि मला म्हणाले, "ऊठ. राहूला चल. घर दाखव." आप्पासाहेबांची परवानगी घ्यावी की नाही असा विचार मी करत होतो, तोवर ते स्टँडच्या वाटेला लागलेही होते.

वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. ड्रायव्हरनं एका वळणावर गाडी जवळजवळ खड्ड्यात घातली, तरी बोलले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

नामदेव ओसरीत बाजेवर बसला होता, हात मांडीवर, पट्टी बांधलेला. आम्हाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"बस," मिस्त्री म्हणाले. स्वतः उभेच राहिले. "नामा, ती भेग मला दिसली हुती."

"मला बी दिसली हुती की मिस्त्री. तुम्हीच दावली."

"मी झाकली."

"व्हय." नामदेवनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आप्पांना दिसली हुती. ह्या रायटरला दिसली हुती. सगळ्यांनीच बघितली. मी बी रोज तिच्याखाली हुबा र्‍हाऊन दांडा मारत हुतोच की." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. "पर कडं लई झ्याक बसवलंत. काच फुटली, कडं न्हाई हाललं."

मिस्त्रींनी मान खाली घातली. नामदेवच्या बायकोनं चहा आणला. गुळाचा, दूध नसल्यासारखाच. ते उभ्याउभ्या सगळा प्यायले, कप तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "चांगला हाय, बेटी." मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंपावर हजर, या वेळी पिशवी घेऊन. दोन्ही पंपांच्या पट्ट्या उतरवायला सुरुवात केली. एकेक स्क्रू फिरवून, एकही पट्टी न वाकवता. आप्पासाहेब धावत आले.

"मिस्त्री! हे काय चालवलंय? पट्ट्या माझ्या हायेत!"

"पट्ट्या तुमच्या," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या तोंडात एकही स्क्रू नव्हता. "बसवणं माझं. मी माझं बसवणं घेऊन चाललोय."

"अहो, पण चांगल्या पंपानं काय केलंय? त्याची काच तर धडधाकट हाय!"

"त्याच्यावर बी माझाच हात फिरलाय."

आप्पासाहेबांनी पोलिसांचं नाव काढलं. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, ते ड्रायव्हरांकडे बघायचे तसं, आणि या वेळी आप्पासाहेबांचा हात नकळत आपल्या टोपीकडे गेला. "बोलवा," मिस्त्री म्हणाले. "मी बी सांगतो, कड्याखाली काय हुतं ते." त्यानंतर आप्पासाहेब आत जाऊन बसले आणि पंखा जोरात फिरत नाही म्हणून माझ्यावर ओरडले.

दुपारपर्यंत दोन्ही पंप नागडे झाले, लाल रंगावर भोकांच्या रांगा घेऊन. पट्ट्यांची नीट मोळी बांधून मिस्त्रींनी ती आप्पासाहेबांच्या दारात ठेवली. कडं मात्र माझ्या टेबलावर आणून नोंदवहीवर टाकलं. "ठेव. कागद उडायचं न्हाईत. तसं बी तू काय लिहितोस?"



पुढे विजेचे पंप आले, माप लिटरमध्ये झालं, मीही ती नोकरी सोडून बाजार समितीत लागलो. नामदेवला आप्पासाहेबांनी त्याआधी हातपंपावरही परत घेतलं नव्हतं. दांडा मारायला मिटणारा हात लागतो, म्हणाले. तो राहूलाच राहिला. दौंडच्या बाजूचं कुणी भेटलं की मला कळायचं, गफूर मिस्त्री अधूनमधून राहूला जातात. कशाला, ते कुणाला माहीत नव्हतं. एकानं सांगितलं, म्हातारा जातो, ओसरीत बसतो, नामदेवच्या नांगराला नावं ठेवतो आणि येतो.

साठच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मी शिरूरला दोन खोल्यांचं घर बांधलं. दारावर पितळी पाटी हवी होती. का कोण जाणे, दुसऱ्या कुणाकडून ती करवून घ्यावीशी वाटेना. दौंडला गेलो. बाजारातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. तिथे ते आता बादल्यांची बुडं आणि रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करत. नक्षीचं काम करत नव्हते. मी पाटीचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, आणि मला वाटतं, माझं नाव त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

"पाटी करीन. पर घर बघितल्याबिगर बसवणार न्हाई."

"शिरूरला येणार? एका पाटीसाठी?"

"पाटीसाठी न्हाई. घरासाठी."

आले ते नेमके वास्तुशांतीच्या दिवशी. घरात सत्तर-ऐंशी माणसं, पंगत बसायची होती. मिस्त्री फार वाकले होते. माझ्या सासऱ्यांनी "या, या," म्हटलं, त्यांच्याकडे लक्ष न देता ते थेट दाराच्या चौकटीशी गेले. बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं. थोडं सरकून पुन्हा. ही सवय त्यांना पूर्वी नव्हती. पंपाच्या दिवसांत ते डोळ्यांनी बघत, आता भिंतीला कान लावून उभे राहिले. मग अंगठ्याच्या नखानं गिलावा कोरला. पाहुण्यांच्या देखत मूठभर गिलावा माझ्या नव्या उंबऱ्यावर पडला. आतली वीट काळपट ओली होती.

"ओल हाय," मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. "आधी ही काढ. मग बोलव."

कुणीतरी हसलं. "जेवून तरी जा, चाचा," मी म्हणालो.

"नाव झकास निघालंय," ते पाटी कोनाड्यात ठेवत म्हणाले. "मी बसवली तर भिंतीला बी झकास म्हणतील लोक."

आणि निघाले. मी दारात उभा राहून पाहत होतो. माझ्या शेजाऱ्याची नवी कंपाउंडची भिंत लागली, तिच्यावर त्यांनी टकटक केलं आणि मान हलवली. विजेचा खांब लागला, त्याच्यावर केलं, मान हलवली. कोपऱ्यावर एक ट्रक उभा होता. त्याच्या फळीवर, मडगार्डवर, चाकावर. आत झोपलेल्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून काहीतरी विचारलं. मिस्त्री थांबले, तोंड वर करून त्याच्याशी बराच वेळ बोलले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ते वळून स्टँडकडे चालू लागले, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला होता आणि चाकाशी उकिडवा बसून, ते दाखवून गेले होते तिथे, स्वतःच्या बोटानं टकटक करून बघत होता.